जुनी गाडी बघून देणारे मिस्त्री (शंभर फुटी रोड, सांगली) आणि मी घेतलेली पद्मिनी

आधी पैशांचं सांगून टाकतो, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. सांगली, मिरज, कुपवाड एवढ्यात गाडी बघायची असेल तर मिस्त्री पंधराशे रुपये घेतात. बाहेर जायचं असेल तर पेट्रोल वेगळं. गाडी घेतली तरी पंधराशे, नाही घेतली तरी पंधराशे. विकणाऱ्याकडून चहा सोडून काही घेत नाहीत. आणि गाडी त्यांच्याच जुन्या गिऱ्हाइकाची निघाली तर येतच नाहीत, "दुसऱ्याला दावा" म्हणून मोकळे. नाव-नंबर कुठं टाकू नका असं त्यांनीच बजावलंय, म्हणून इथं नुसतं 'मिस्त्री'. शंभर फुटी रोडला स्पेअर पार्टच्या कुठल्याही जुन्या दुकानात 'फियाटचं काम कोण करतं' एवढं विचारलं तरी पुरे.

मी साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं रसाचे, मळीचे नमुने काढले. गाडीतलं मला चालवण्यापलीकडं काही कळत नाही. पण चालवायला शिकलो ते कारखान्याच्या पद्मिनीवर. स्टेअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढं सलग बाकडं, कोपऱ्यात वाऱ्याची तिकोनी काच. तेव्हापासून मनात होतं. निवृत्तीचे पैसे आले आणि मी जाहिराती बघायला लागलो. (आमच्या घरात याला 'येड लागणं' म्हणतात.)

पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, इकडं कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार व्हायची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली, आणि त्यांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या विश्रामबागेत आहे, त्यामुळे ही गाडी थोडी आपल्या गावचीच असं मी घरी पटवून बघितलं. पटलं नाही. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हापासून मात्र बऱ्याच जणांना एकदम माया आलीय आणि भावही चढलेत.

तर मला सापडलेली गाडी १९८६ ची. एकाच घरातली. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. खणभागाच्या कडेला एका वाड्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, वर जाड कव्हर. मालक वारले, नातू पुण्याला नोकरीला, तो विकत होता. सांगितले दोन लाख पंचवीस हजार. रंग चकचकीत. खालून वाकून बघितलं तर तिथंही नवा काळा रंग. मी तर खूश. अडतीस वर्षांत ३१ हजार म्हणजे गाडी नवीच की! ज्याला ज्याला सांगितलं त्यानं हेच म्हटलं.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उभी हुती म्हणा की."

आधी मी एका ऑनलाइन तपासणीवाल्यांनाही फोन केला होता. एवढी जुनी गाडी आमच्या यादीत बसत नाही म्हणाले. मग मिस्त्रीच.

आदल्या रात्री मिस्त्रींचा फोन. मालकाला सांगा, सकाळी गाडी चालू करून ठेवायची नाही, मला थंड इंजिन बघायचंय. मी नातवाला तसं सांगितलं. रविवारी नऊची वेळ ठरली होती, मिस्त्री साडेदहाला उगवले. हा पहिला गुण कापा. अंगणात आल्या आल्या नमस्कार-चमत्कार काही नाही, बॉनेट उघडून रेडिएटरवर पालथा हात ठेवला.

"कोमट हाय."

नातू बिचारा म्हणाला, "काका, तुमचा खोळंबा नको म्हणून आठ वाजता जरा स्टार्ट करून ठेवली."

"मग च्या घिऊ आधी. थंड हुंदे."

मला वाटलं, झाला खोळंबा. पण त्या दिवसाचं खरं काम त्या चहातच झालं.

वाड्याच्या जोत्यावर आजी बसलेल्या, मुलाखत घ्यावी तशा आमच्याकडं बघत. मिस्त्री त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि गाडीचा विषयच काढला नाही. विचारलं, "आजी, एकोणीसला पाणी कुठवर आलंतं हितं?"

सांगलीत हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ. आणि पुलावर अमुक फूट झाले की आपल्या घराच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं, हा हिशोब ज्याचा त्याचा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांच्या खुणा घराघरांत सांगतात. ऑगस्ट २०१९ ला तर पुलावर पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आजींनी काठी उचलून पायरी दाखवली. "हितपत्तूर. वर न्हाई चढलं, गणपतीची कृपा."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला. जमिनीपासून त्या पायरीच्या खुणेपर्यंत एकोणीस इंच. मग शेडमध्ये जाऊन तिथली जमीन अंगणापेक्षा किती वर आहे ते बघितलं. जेमतेम एक इंच.

नातू लगेच म्हणाला, "पण गाडी तेव्हा विश्रामबागला नेऊन ठेवली होती. पप्पांनी सांगितलंय मला."

"कुठली रं?" आजी म्हणाल्या. "बंदच हुती की ती. चाकात हवा न्हाई, बॅटरी मेलेली. ढकलायला माणूस कुठलं? समदी सामान माडीवर न्हेत हुती."

पोरगं लाल झालं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिथं प्रकाश पडला. गाडी फार चालवली नव्हती, म्हणूनच ती पुरात सापडली. रोज वापरातली असती तर पाणी वाढायच्या आत कुणीतरी किल्ली मारून नेली असती. ज्या ३१ हजारांचं मी कौतुक करत होतो, त्या ३१ हजारांनीच तिला दीड फूट पाण्यात उभं केलं होतं.

त्या मीटरला आकडे पाचच असतात, एक लाखानंतर पुन्हा शून्यापासून चालू होतो, हेही मिस्त्रींनी सांगितलं. पण क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर आणि चालकाच्या बाजूचं बाकडं दाबून बघून म्हणाले, "आकडा खराय. आकड्यात काय न्हाई."

मग त्यांनी नातवाची परवानगी मागितली. दाराचा आतला पुठ्ठा काढू का? खालचा नट ढिला करू का? ही परवानगी तुम्ही आधीच फोनवर मागून ठेवा. काही मालक चिडतात, उघडायचं नाही म्हणतात. मिस्त्रींचं म्हणणं, न उघडता बघायला मी कशाला पायजे, तुमचं डोळं हायतच की.

डाव्या दाराचा पुठ्ठा निघाला. आत पत्र्यावर एक आडवी रेघ, फूटपट्टी लावून मारल्यासारखी सरळ. रेघेच्या वर कंपनीचा मूळ रंग, खाली तांबूस. आणि दाराच्या तळाला, पाणी निघून जायची भोकं असतात तिथं, बोटभर जाडीचा सुका थर. मिस्त्रींनी तो नखानं उकरून माझ्या तळहातावर ठेवला. मी बोटांत चुरडला. पिठासारखा मऊ, खर कुठं लागत नाही. रस्त्याची धूळ अशी नसते, तिला कच असते. राहवलं नाही, आजींकडून काचेचा ग्लास मागून घेतला आणि पाण्यात टाकून ढवळलं. आम्ही जेवढा वेळ तिथं होतो, तेवढा वेळ ते पाणी गढूळच राहिलं. जाताना बघितलं तर तळाला जरासं बसलं होतं. इतका बारीक गाळ फक्त नदीच आणून घालते. पूर ओसरल्यावर कपाटाच्या खालच्या फळीवरून ज्यांनी तो खरवडलाय, त्यांना मी सांगायला नको.

मिस्त्री ग्लासाकडं बघून म्हणाले, "सर, तुमी बी मिस्त्रीच की."

रेघेची उंची कळली की पुढचं सगळं सोपं होतं, हे मला तिथं समजलं. रेघेच्या वर काय होतं? कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, हेडलाइट, मीटर. ते पाण्यात नव्हतं. रेघेच्या खाली काय? चारही चाकांची बेअरिंगं आणि ब्रेक, सेल्फ, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी, ज्याला ते 'हौसिंग' म्हणतात, आणि बॉडीचा तळ. पद्मिनीला वेगळी चेसीस नाही, बॉडी हीच चेसीस, त्यामुळे दारांखालचा पत्रा सडला तर गाडीच्या हाडालाच कीड. त्यांनी तिथं पातळ फडकं गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. उजवीकडं टक-टक चिकटत गेलं. डावीकडं मागच्या दाराखाली वीतभर जागेत चिकटेना, घसरून पडलं. वरचा रंग अगदी सारखा, आत पुट्टी. खालून मारलेला तो नवा काळा रंग मला आधी शोभेचा वाटला होता!

मग हौसिंग. हे मी जन्मात विसरणार नाही. गाडी जॅकवर, खाली पोत्यावर मिस्त्री आडवे, हातात पाना आणि एक रिकामी पाण्याची बाटली अर्धी कापलेली. त्यांनी खालचा नट पूर्ण काढलाच नाही. अर्धा फेरा, मग आणखी जरासा. नटाच्या कडेनं एक थेंब आला, मग बारीक धार. तेल नव्हे, पाणी. स्वच्छ, जरा पिवळट पाणी, चहाचा पाऊण कप भरेल एवढं. त्याच्यामागून आलं ते दुधी रंगाचं, आणि शेवटी काळं ऑइल. तेव्हा त्यांनी नट आवळला. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाला जाऊन बसणार, तेव्हा आधी तेच बाहेर येणार. नट एकदम काढला असता तर सगळं मिसळून पडलं असतं आणि काही कळलं नसतं. चौतीस वर्षं मी नमुने काढले, पण उताणं पडून, डोळ्यावर तेल गळत असताना इतका नीट नमुना काढलेला माणूस मी बघितला नव्हता. गिअरबॉक्सलाही तेच केलं. तिथं पाणी निघालं नाही, नुसतं जुनं ऑइल.

ब्रेक बघायची त्यांची पद्धत साधी आहे. एकेक चाक उचलायचं, मला पेडल दाबायला लावायचं, सोडायला लावायचं, आणि सोडल्यावर चाक हातानं फिरवायचं. पुढचं डावं चाक सोडल्यावरही फिरेना. आतला व्हील सिलिंडर गंजून अडकलेला. उभ्या गाडीत हे व्हायचंच, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पुराची गरजसुद्धा नाही. टायर दिसायला नवे, नक्षी उभी. पण कडेला कोरलेला आकडा ३११० होता, म्हणजे २०१० सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला माल. बाजूला बारीक भेगांची जाळी. पाची टायर टाकून द्यायचे.

एव्हाना बारा वाजले, इंजिन थंड. सेल्फ मारायला मला बसवलं आणि मिस्त्री सायलेन्सरजवळ उकिडवे बसले. चौथ्या प्रयत्नाला चालू झाली. निळसर धुराचा एक लोट आला आणि अर्ध्या मिनिटात विरला. आठ वाजता तापवलेली तशीच कोमट चालू केली असती तर हा धूर आम्हाला दिसलाच नसता. गरम झाल्यावर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. तीन सिलिंडर ११५ ते १२० च्या घरात, चौथा ९२. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर १११. ऑइल घातल्यावर आकडा वाढला म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा अडकल्यात. चालवून सुटतीलही म्हणाले, नाही सुटल्या तर इंजिन उघडायचं.

टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं. काढ्याचा रंग. ताज्या पेट्रोलचा वास झणकन नाकात जातो, याला वॉर्निशच्या जुन्या डब्याचा वास. इथं मला माझ्या कारखान्याचीच आठवण झाली, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि ते आमच्यासारख्यांच्या डिस्टिलरीतूनच जातं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि १९८६ चे रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम हे त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. म्हणजे ज्या इथेनॉलवर माझा बोनस निघायचा, तेच आता माझ्या गाडीचे पाइप खाणार. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, एवढं मी माझ्या अधिकारात सांगू शकतो.

गाडी रस्त्यावर न्यायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. नोंदणी संपलेली, इन्शुरन्स नाही. अंगणातच पुढं-मागं केली. ब्रेक मारला की डावीकडं ओढायची.

कागदांचं मिस्त्री बघत नाहीत, ते तुमचं तुम्ही. मी एजंटाला घेऊन गेलो. आरसी बुकातला चेसीस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे पेन्सिल घासून कागदावर छाप घेऊन बघितलं, जुळला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते. ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी सवलत मिळेल अशी माझी समजूत होती. पण तो नियम पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना, म्हणजे आमच्या बाईसाहेबांना २०३६ पर्यंत दम धरावा लागेल.

तपासणीचा अहवाल म्हणाल तर पार्टच्या दुकानाच्या बिलामागं पेनानं लिहिलेल्या अकरा ओळी. फोटो नाहीत, शिक्का नाही, सही नाही. 'घ्या' किंवा 'घेऊ नका' तर मुळीच लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पैसं तुमचं, हौस तुमची. मी काय सांगू?" याचा मला तेव्हा राग आला होता. पण त्या अकरा ओळींपुढं अंदाजे खर्चाचे आकडे होते आणि बेरीज अठ्ठ्याऐंशी हजार. तो कागद मी नातवापुढं ठेवला. त्यानं दोन दिवस मागितले आणि एक लाख तीस हजारांना दिली. आजींनी वर एक नारळ दिला.

आता तक्रारी. उशीर सांगितलाच. वायरिंगकडं त्यांनी जवळजवळ बघितलंच नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागं उंदरांनी घरटं केलं होतं, वायपरची वायर कुरतडलेली, ते मला पहिल्या पावसात कळलं. आणि मोठी चूक टाकीची. तपासणीच्या दिवशी टाकीत चार-पाच लिटरच होतं. गाडी तयार होऊन घरी आल्यावर मी हौसेनं टाकी भरली, पूजा केली, पेढे वाटले. रात्री अकराला ही म्हणाली, "अहो, हॉलपर्यंत पेट्रोलचा वास येतोय." टाकीच्या शिवणीला, मधल्या उंचीवर, सुईएवढी दोन भोकं. अर्ध्याच्या खाली पेट्रोल असेपर्यंत ती कधी बोललीच नाहीत. त्या रात्री शेजारच्या पोराला उठवून बादल्यांत पेट्रोल काढलं, घरातलं प्रत्येक बटण बंद ठेवून.

सकाळी गॅरेजवर गेलो तो भांडायच्या तयारीनं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकी भरून बघायला पायजे हुती. चुकलं माझं." बास. टाकी काढायची-बसवायची मजुरी घेतली नाही. स्वतः रेडिएटरवाल्याकडं घेऊन गेले, टाकी कॉस्टिकनं धुतली, आत पाणी भरून मगच डाग दिला. आतापर्यंत माझे एकूण ब्याण्णव हजार गेले, त्यांच्या अकरा ओळींपेक्षा चार हजार जास्त, आणि त्या चारातले बहुतेक टाकीचेच. रिंगा अजून सुटलेल्या नाहीत. सकाळी निळा धूर निघतो, शेजारी खिडक्या लावून घेतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. फोटो, छापील रिपोर्ट, वेळेवर येणं हे हवं असेल तर तुमचं आणि यांचं जमणार नाही.

ते फोन उचलत नाहीत. सकाळी साडेआठ ते दहा गॅरेजवर सापडतात, सोमवारी बंद. जाताना गाडी जिथं उभी आहे तो पत्ता नीट विचारून घेऊन जा, गल्लीसकट. गाडी कुठली ते मिस्त्री नंतर विचारतात.